ओसरीवरचं वायफाय, माजघरातला संगणक

२६ जुलै २००८ची संध्याकाळ. अहमदाबादेत बॉम्ब फुटायला काही मिनिटं उरली असताना वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत एक ई-मेल येऊन पडला. त्यात स्फोटांची आगाऊ धमकी होती. पुढच्या तासा-दीड तासात शहरभर एकामागून एक स्फोट झाले आणि ५६ जणांचा बळी गेला. ई-मेल निघाला कुठून, याचा माग काढत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीपर्यंत पोहोचलं. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता आणि इंटरनेटचं कनेक्शन त्याचं होतं. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव छापून आलं. ई-मेलशी त्याचा संबंध नसल्याचं नंतर स्पष्ट झालं. त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं, एवढंच निमित्त.

महिनाभरात, २३ ऑगस्टला, दुसरा ई-मेल आला. त्याचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर जाऊन थांबला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले. त्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. तीन ई-मेल, तीन पत्ते आणि तिन्ही ठिकाणचे लोक अनभिज्ञ. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने या ई-मेलच्या आरोपावरून काही जणांना पकडलं, त्यात पुण्याचा एक संगणक अभियंता होता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी आणखी एक गोष्ट केली. लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरायचं, उघडी वायफाय नेटवर्कं शोधायची आणि मालकांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस द्यायची, अशी मोहीमच हाती घेतली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही वायफायच्या सुरक्षित वापराबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

ही मुंबईची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, जर वायफाय मुंबईतच राहिलं असतं.

वर्धा जिल्ह्यातलं रोहणा हे आर्वी तालुक्यातलं गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी नॅरोगेज गाडी एकेकाळी इथून जायची. आता खांबाखांबांवरून फायबरची तार जाते. एखाद्या ऑनलाइन सेवा केंद्राचं चित्र डोळ्यांसमोर आणावं. पीक विम्याची मुदत संपत आलेली, बाकावर दहा-बारा शेतकरी, टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन. लॅपटॉपमध्ये लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकांचे फोटो. भिंतीवरच्या वायफायच्या डब्यावर हा लॅपटॉप चालतो, कोपऱ्यातला सीसीटीव्ही चालतो आणि बाहेर झाडाखाली क्रिकेट पाहणाऱ्या पोरांचे मोबाइलही त्याच डब्यावर. कृषी केंद्र, मेडिकल, पतसंस्थेची शाखा, शाळेचं कार्यालय, कुठेही मांडणी साधारण हीच.

अशा गावात पासवर्ड मागणं पाणी मागण्यासारखंच. “भाऊ, वायफायचा पासवर्ड काय हाये जी?” असं कुणी विचारलं तर नाही म्हणणं जिवावर येतं. नाही म्हणायची गरजही नाही. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, पाणी देतो, चहा देतो. माजघरातल्या कपाटाची किल्ली मात्र देत नाही. वायफायच्या डब्यातही ओसरी आणि माजघर वेगळं करता येतं. बहुतेकांनी ते केलेलं नसतं, कारण तार जोडून देणाऱ्याने तसं सांगितलेलं नसतं.

दोन पासवर्ड, दोन वेगळी कामं

वायफायच्या डब्याला, म्हणजे राउटरला, दोन पासवर्ड असतात. मोबाइल जोडताना टाकतो तो एक. दुसरा खुद्द राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा अनेकांना माहीतच नसतो. राउटर उलटा करून खालचा स्टिकर वाचला की बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता दिसतो. राउटरला जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की सेटिंगचं पान उघडतं आणि नाव-पासवर्ड मागतं. कित्येक जुन्या राउटरांवर दोन्हींचं उत्तर ‘ॲडमिन’ हेच असतं. नव्या कनेक्शनांत कंपनीच्या मोबाइल ॲपमधूनही हेच काम होतं.

पहिला पासवर्ड दाराची किल्ली असेल, तर दुसरा कुलूपच बदलण्याचा अधिकार आहे. तो ज्याच्या हाती गेला, तो आपल्या नकळत रस्त्यावरच्या पाट्याही फिरवू शकतो. बँकेचं संकेतस्थळ नेमकं कुठे आहे हे संगणकाला सांगणारी जी व्यवस्था असते, तिचा पत्ता राउटरमध्ये नोंदलेला असतो. तो बदलला की ब्राउझरमध्ये बँकेचं नाव बरोबर टाकूनही माणूस भलत्याच पानावर पोहोचू शकतो. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमाराला नेमकं हेच झालं. सुमारे ४५ लाख मोडेमांच्या सेटिंगमध्ये शिरून चोरांनी हा पत्ता बदलला आणि लोकांना बनावट पानांकडे वळवलं. तेव्हा पहिलं काम दुसऱ्या पासवर्डचं. तो बदलावा, वहीत लिहावा आणि वही कपाटात ठेवावी. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरगावाहून सेटिंग बदलण्याची सोय. ती चालू दिसली तर कंपनीला विचारून बंद करावी.

पाटीवरचा मोबाइल नंबर

आता पहिला पासवर्ड. गावोगावी सर्रास आढळणारा पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर. तो लक्षात राहतो, सांगायला सोपा असतो आणि दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलाही असतो.

पाटीवर नसला तरी फरक पडत नाही. एखादा मोबाइल वायफायला जोडला जातो त्या क्षणी राउटर आणि मोबाइल यांच्यात सांकेतिक बोलणं होतं. जवळ उभा असलेला माणूस ते टिपून घेऊ शकतो. मग त्याला दुकानासमोर थांबायची गरज उरत नाही. घरी जाऊन संगणकाला कामाला लावलं की तो एकेक शक्यता ताडून पाहत बसतो. व्हिडिओ गेमसाठी मिळणारं चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास शक्यता तपासू शकतं. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे शक्यता ४०० कोटी. भागाकार केला तर तास-सव्वा तास. जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजार. सेकंदही पुरा लागत नाही.

यावर उतारा सोपा आहे आणि तो मराठी आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द घ्यावेत आणि रोमन अक्षरांत सलग लिहावेत. तिफण, कुलूप, सोमवार, आंबाडी, असे काहीही. शब्द मनाने ठरवू नयेत, कारण मन फिरून मुलांच्या आणि देवांच्या नावांवर येतं. डोळे मिटून वर्तमानपत्रावर बोट ठेवावं आणि बोटाखाली येईल तो शब्द उचलावा. रोजच्या वापरातले पाच हजार शब्द धरले तर चार शब्दांच्या शक्यता ६२५ लाख कोटी होतात. सव्वा तासात मोबाइल नंबर शोधणारं तेच कार्ड इथे वीस वर्षं राबेल. पाचवा शब्द जोडला की काम जवळपास लाख वर्षांवर जातं. वायफायचा पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, त्यामुळे जागेची अडचण नाही. वर दिलेले चार शब्द मात्र कुणी घेऊ नयेत, ते आता छापून झाले.

कुलूप कोणत्या सालचं?

सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ नावाचा रकाना असतो. तिथे दिसणारी नावं म्हणजे कुलपांच्या पिढ्या. सगळ्यात जुनी डब्ल्यूईपी, १९९७ ची. २००१ मध्येच गणित्यांनी तिची कमजोरी दाखवून दिली, तरी ती वर्षानुवर्षं वापरात राहिली. त्याची किंमत अमेरिकेत टीजेएक्स या दुकानांच्या साखळीने मोजली. २००५ मध्ये चोर त्यांच्या एका दुकानाच्या वायफायमधून आत शिरले. प्रकरण २००७ मध्ये उघड झालं, तोवर किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती बाहेर गेली होती. २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३.

आज घरात किंवा दुकानात किमान डब्ल्यूपीए-२ हवं आणि त्यासोबत ‘एईएस’ हा पर्याय निवडलेला हवा. डब्ल्यूपीए-३ मिळत असेल तर उत्तमच, कारण त्यात बोलणं टिपून घरी बसून अंदाज बांधण्याची वाट बंद केलेली आहे. जुने मोबाइल त्याला जोडले जात नसतील तर ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ असा जोड पर्याय असतो. रकान्यात फक्त डब्ल्यूईपी आणि पहिलं डब्ल्यूपीएच दिसत असेल, तर तो राउटर भंगारात द्यायची वेळ झाली आहे.

राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ असं लिहिलेलं एक बटण असतं. पासवर्ड न टाकता प्रिंटर वगैरे जोडण्याची ही सोय. तिच्यामागे आठ आकडी पिन असते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवलं की राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरूनच निघतो. उरतात फक्त ११ हजार शक्यता, म्हणजे काही तासांचं काम. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करावं.

ओसरी वेगळी काढायची ती अशी

अलीकडच्या बहुतेक राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ हा पर्याय असतो. तो चालू केला की एकाच डब्यातून दोन वायफाय दिसू लागतात. दोन्हींची नावं वेगळी, पासवर्ड वेगळे. पाहुण्यांच्या नेटवर्कवर आलेल्या मोबाइलला इंटरनेट मिळतं, पण दुकानातला लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर त्याला दिसत नाही. कुणाच्या मोबाइलमध्ये व्हायरस असला तरी तो ओसरीवरच अडतो. काही राउटरांत त्यासाठी ‘आयसोलेशन’ असा वेगळा खटका असतो, तोही चालू आहे ना ते पाहावं.

माजघराच्या नेटवर्कवर फक्त कामाचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि मालकाचा मोबाइल. मुलांचे मोबाइल, पाहुणे, टीव्ही, सगळं ओसरीवर. बाजारात स्वस्तात मिळणारे बिननावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स तर आत घेऊच नयेत. कारखान्यातूनच व्हायरस घेऊन आलेल्या अशा बॉक्सबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला आहे.

ओसरीचीही एक मर्यादा आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून कुणी धमकी पाठवली तरी बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो कनेक्शनच्या मालकाचाच. सानपाड्याची गोष्ट इथे पुन्हा घडू शकते. म्हणून ओसरीलाही पासवर्ड हवाच, तो ओळखीच्याच माणसांना द्यावा आणि महिन्याला बदलावा. दुकानदाराला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच वायफाय द्यायचं असेल, तर त्यासाठी सरळ रस्ता आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफायचं केंद्र चालवू शकतो. वापरणाऱ्याची ओळख मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदली जाते आणि कोण कधी जोडलं गेलं होतं, याचा हिशेब राहतो.

कोपऱ्यातला कॅमेरा

चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेराच कधी कधी चोराची खिडकी होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली महिला रुग्णांची सीसीटीव्ही चित्रं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. तिथल्या यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता, असं तपासात समोर आलं.

जगातला सगळ्यात गाजलेला दाखला २०१६ चा. ‘मिराई’ नावाच्या व्हायरसकडे कारखान्यात ठेवलेल्या साठ-एक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बस. ती यादी घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांची, रेकॉर्डरांची आणि राउटरांची दारं ठोठावत सुटला. उघडलेल्या दारांमागची यंत्रं गोळा करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे या कामी लागले, त्यांना पत्ताही नव्हता.

तेव्हा सीसीटीव्ही बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. मोबाइलवर दुकान पाहायची हौस नसेल तर कॅमेऱ्याला इंटरनेट देऊच नये. रेकॉर्डरमध्ये चित्रण होतच राहतं.

अपडेट, आणि लाइट असतानाच

राउटर हाही एक छोटा संगणक आहे. त्याच्या आतल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात आणि त्यात चुका सापडत राहतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ या संशोधकाने खुद्द डब्ल्यूपीए-२ मधली फट दाखवली. कंपन्यांनी दुरुस्ती पाठवली, पण ती घेतली त्यांनाच तिचा उपयोग झाला. सेटिंगमध्ये ‘ऑटो अपडेट’ असेल तर ते चालू ठेवावं. नसेल तर दोन-तीन महिन्यांनी ‘फर्मवेअर अपग्रेड’चं पान उघडून पाहावं. एक खबरदारी आपल्याकडची: अपडेट चालू असताना लाइट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. हे काम इन्व्हर्टर असेल तेव्हा, नाहीतर भारनियमनाची वेळ टाळून करावं.

काही उपाय ऐकायला भारी असतात, पण कामाचे नसतात. वायफायचं नाव लपवलं तरी साध्या मोफत ॲपला ते सापडतं. ठराविक मोबाइलच जोडले जातील असा ‘मॅक फिल्टर’ लावला, तर त्या मोबाइलचा क्रमांक हवेतून टिपून त्याची नक्कल करता येते. यांवर वेळ घालवण्यापेक्षा पासवर्ड लांब करावा. वायफायला स्वतःचं किंवा दुकानाचं नाव देऊ नये, एवढं मात्र पाळावं. तसंच, जोडणीचा क्यूआर कोड काउंटरवर चिकटवायचा असेल तर तो ओसरीच्या नेटवर्कचाच असावा. आणि कामावरचा पोरगा सोडून गेला की माजघराचा पासवर्ड बदलावा, संबंध कितीही चांगले असले तरी.

संशय आला तर

सेटिंगमध्ये ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ची यादी असते. घरात पाच मोबाइल आणि यादीत अकरा नावं असतील तर हिशेब लावावा. रात्री सगळे झोपलेले असताना वायफायचा दिवा सतत लुकलुकत असेल किंवा बँकेचं पान नेहमीपेक्षा वेगळं दिसत असेल, तर थांबावं. आधी दोन्ही पासवर्ड बदलावेत. त्यानेही समाधान झालं नाही तर राउटर रीसेट करावा, पण फायबरच्या डब्यावर हे काम कंपनीच्या माणसाला फोन लावूनच करावं. नाहीतर पासवर्डाबरोबर जोडणीची माहितीही पुसली जाते आणि नेटच बंद पडतं. संगणकातला व्हायरस काढायला केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून मोफत साधनं उपलब्ध करून दिली आहेत.

पैसे गेले असतील तर उद्यावर टाकू नये. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लगेच फिरवावा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता राहते. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. शेजाऱ्याचं वायफाय ‘मारणाऱ्या’ पोरांनाही हे माहीत असलेलं बरं.

हे सगळं मिळून काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. एखाद्या दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, राउटर उलटा करून स्टिकर वाचावा. मग क्रमाने जावं: सेटिंगचा पासवर्ड, वायफायचा पासवर्ड, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीएस बंद, ओसरीचं नेटवर्क चालू, शेवटी कॅमेरा. जमत नसेल तर फायबर जोडून गेलेल्या माणसाला बोलवावं आणि त्याच्या शेजारी बसून करून घ्यावं. पासवर्ड टाकायची वेळ आली की कीबोर्ड मात्र आपल्याकडे घ्यावा. त्यानंतर झाडाखाली क्रिकेट पाहणाऱ्या पोरांना पासवर्ड द्यायला हरकत नाही. ओसरीचा, आणि या महिन्यापुरता.